आधी टायर, मग ब्रेक

गेल्या दोन महिन्यांत तीन नातेवाईकांनी मला एकच प्रश्न विचारला. या वयात जुन्या सायकलीवर नऊ हजार रुपये कशासाठी घातले? एकाने फोनवर विचारलं, एकाने मुंजीत, आणि पुतण्याने तर सरळ हिशोबच मांडला. "काका, सायकल पंधरा वर्षांची, तुम्ही बहात्तरचे. तिला भंगारात द्या आणि बॅटरीची नवी घ्या." प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

सायकल चिरंजीवांची. बंगळूरला नोकरीला गेले तेव्हा इथे लोणावळ्यात ठेवून गेले. सव्वीस इंची चाकं, पुढे तीन आणि मागे सात अशा एकवीस गिअरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग. मी नोकरीची सगळी वर्षं काळ्या दांडीच्या सायकलवर काढली. तिला सळ्यांचे ब्रेक होते आणि व्हॉल्व्हची रबरी नळी झिजली की शाळेच्या वाटेवर हवा उतरायची. त्यामुळे ही गिअरची सायकल अंगणात आली तेव्हा मला ती खेळणं वाटली होती. पण मग तिच्यावरून वळवणपर्यंत, पुढे तुंगार्ली धरणापर्यंत, एकदा राजमाचीच्या कच्च्या वाटेवर असं करत करत सवय लागली.

आमच्या मावळात डांबर सोडलं की दोनच गोष्टी असतात, दगड आणि चिखल. पवन मावळ घ्या, नाणे मावळ घ्या की आंदर मावळ. दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वाटेवर त्याचे मुठीएवढे सुटे तुकडे पसरलेले असतात आणि ते चाकाखाली गोटीसारखे फिरतात. चिखल म्हणजे इंद्रायणी भाताची चिखलणी करतात तोच, खाचरातून बैलांच्या आणि ट्रॅक्टरच्या पायांनी वाटेवर आलेला. उन्हाळ्यात पहिला त्रास, पावसाळ्यात दुसरा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही. दुकानात चकचकीत फरशीवर उभी केलेली सायकल बघून यातलं काहीच कळत नाही.

सायकलीत काय बदलायचं हे म्हणूनच मी वाटेला विचारून ठरवलं. दुकानदाराला विचारलं असतं तर त्याने चिमट्यापासून सुरुवात केली असती, कारण सगळ्यात महाग तोच!

पहिले टायर. मूळचे टायर गुळगुळीत झाले होते आणि हवा दर वेळी पंचावन्न पौंड भरली जायची. टणक टायर जोरात पळतो असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. डांबरावर ते बरंचसं खरं आहे. पण सुट्या दगडांवर टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो, आणि उडण्यात जी ताकद जाते ती आपल्याच पायांची. हवा कमी असली की टायर दगडाला थोडा कवेत घेतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि मनगटाला हादरे कमी बसतात. मी सव्वादोन इंच रुंद, मोठ्या खाचांचे टायर घेतले. माझं वजन एकसष्ट किलो. बरेच दिवस कमी-जास्त करून पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस पौंडांवर स्थिरावलो. त्याहून खाली गेलं तर टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. घरी हवा मोजायचा पंप नसेल तर तो आधी घ्यावा. नव्या टायरइतकाच उपयोग त्याचा झाला.

एक सांगायला हवं. सव्वीस इंची चाकांचा जमाना संपत आला आहे. साधारण २०१३ नंतर कंपन्या साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांकडे वळल्या. चांगले सव्वीस इंची टायर आता शोधावे लागतात, म्हणून मी एक जोडी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवली आहे. नऊ हजारांत तीही धरलेली आहे, हे पुतण्याने लक्षात घ्यावं.

आता ब्रेक. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण घरातला खरा वाद ब्रेकवरून होता.

मागच्या पावसाळ्यात भाज्याहून गायमुख खिंडीत चढून गेलो होतो. लोहगड आणि विसापूर यांच्यामधली ती खिंड. (लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी त्याच्या आधीही होतीच.) उतरताना चिखलाने रिम माखलेली, ब्रेकची रबरं त्या चिखलावर नुसती खरखरत होती. दोन्ही दांडे हँडलला टेकले तरी सायकल चाललेलीच. वळणावर करवंदीच्या जाळीने मला धरलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण घरी आल्यावर हिने डेटॉल लावता लावता एकच वाक्य म्हटलं. "अहो, तुम्ही पडलात तर मला आता तुम्हाला उचलता येणार नाही."

हिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही.

त्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. लांब उतारानंतर हात इतका आखडायचा की चहाची कपबशी डाव्या हाताने घ्यावी लागे. डॉक्टरांनी सायकल बंद करा असं म्हटलं नाही, पण मुठीवर ताण नको म्हणाले. डोंगरात ब्रेक दाबायचा आणि मुठीवर ताण द्यायचा नाही, हे कसं करायचं ते त्यांच्या चिठ्ठीत नव्हतं.

भोर घाटातल्या रेल्वेवर मी वर्गात कितीदा शिकवलं असेल! १८६३ साली तो मार्ग सुरू झाला, चढ सदतिसास एक. चढताना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, हे मुलांना लगेच आठवायचं. पण उतरणाऱ्या गाडीची काळजी त्याहून जास्त घेतलेली आहे हे त्यांच्या लक्षात राहत नसे. ब्रेक तपासायला गाड्या थांबवतात, आणि गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला चढावर नेऊन थांबवायला वेगळे रूळ, म्हणजे कॅच सायडिंग, ठेवलेले आहेत. माझी कॅच सायडिंग करवंदीची निघाली.

इथल्या सायकलवाल्याकडे गेलो. तो माझा जुना विद्यार्थी, सहावीत भूगोलात जेमतेम पास व्हायचा, पण चाकातला आऊट काढताना त्याचा हात बघत राहावा. त्याने सायकल उलटी करून पाहिली. "सर, चिमट्याला डिस्कची जागा आहे. पुढचं चाक बदलू. मागचं राहू द्या." चिखल लागतो तो रिमला, आणि डिस्कची थाळी असते चाकाच्या मधोमध, चिखलापासून वर. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं. म्हणून पैसे पुढच्या चाकावर घालायचे आणि मागे नुसती चांगल्या प्रतीची रबरं बसवायची. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणखी हलके असतात, ते त्याने दाखवलेही. मी वायरचे घेतले. कामशेतच्या पुढे कुठेही वायर तुटली तर मिळू शकते, त्या ब्रेकचं तेल मिळणार नाही.

शिवाय त्याने एक काम फुकट केलं. ब्रेकच्या दांड्याला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. माझी बोटं आखूड, इतके दिवस ती ताणूनच धरत होतो. आता दोन बोटांत ब्रेक लागतो आणि अंगठा मोकळा राहतो. ज्यांची बोटं दुखतात त्यांनी पैसे खर्च करण्याआधी हा स्क्रू शोधावा.

नवी थाळी पहिल्या दिवशी नीट धरत नाही. सपाट रस्त्यावर थोडा वेग घेऊन पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक लावावा लागतो, मग तिच्यावर रबरांचा थर बसतो. (यांना रबर म्हणत नाहीत, पॅड म्हणतात. माझ्या तोंडी रबरच बसलं आहे.) आणि थाळीला तेलाचा हात लावायचा नाही.

हे झाल्यावर हिने परीक्षा घेतली. आमच्या गल्लीच्या उतारावर मी खडूने रेघ मारली. वरच्या विजेच्या खांबापासून पायडल न मारता यायचं आणि रेघेवर ब्रेक लावायचा. चाकांवर बादलीने पाणी ओतलेलं. जुन्या चाकाने हे आदल्या आठवड्यात करून ठेवलं होतं, नऊ पावलं. नव्या चाकाने चार. हिने स्वतः चालत मोजली, शंका आली म्हणून पुन्हा मोजली. शेजारचे जोशी गॅलरीतून बघत होते. मग अटी ठरल्या. एकटं जायचं नाही, नऊच्या आत परत यायचं, भर पावसात खिंड नाही.

गिअरचं गणित सोपं आहे. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८. पायडलचा एक फेरा मारला की साधारण ५.४ मीटर पुढे. चढावर उतरून ढकलायची, त्यात कमीपणा नव्हता, सगळेच ढकलायचे. या सायकलीत सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे २८, मागे २८. एका फेऱ्याला २.१ मीटर. मी मागचं फ्रीव्हील बदलून मोठी चकती ३४ दातांची असलेलं घेतलं. आता एका फेऱ्याला १.७३ मीटर. सदतीस सेंटिमीटरचा फरक, पण तेवढ्यावर माझे गुडघे कुरकुरायचे थांबले. वेग चालण्याइतकाच राहतो हे खरं, पण बसून राहतो. सात चकत्यांची फ्रीव्हीलं स्वस्त सायकलींना अजून लागतात म्हणून सहज मिळाली. चेन थोडी लांब हवी, ती नवीनच घेतली. जुनी तशीही संपली होती. ते कसं ओळखायचं? शाळेतली फूटपट्टी घ्यावी. चेनच्या चोवीस कड्या नवीन असताना बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरली की चेन बदलावी. एक अष्टमांशापर्यंत थांबलं तर ती चकत्यांचे दातही खाते.

पुढचे तीन गिअर आता मी क्वचितच बदलतो, कारण तो खटका अंगठ्याने दाबावा लागतो. योगायोग असा की मोठ्या कंपन्याही याच वाटेने गेल्या. अमेरिकेतल्या स्रॅमने २०१२ साली डोंगरी सायकलींसाठी पुढे एकच चक्र आणि मागे अकरा चकत्या आणल्या, २०१६ मध्ये मागे बारा, सगळ्यात मोठी पन्नास दातांची. त्यांना संधिवात नसावा.

राहिला चिमटा. पुतण्याचा सगळा जोर त्यावर. सध्याचा चिमटा जड आहे, स्प्रिंग गंजली होती, ती काढून, पुसून, ग्रीस भरून परत बसवली. बदललेला नाही. डोंगरी सायकलचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात झाला, तोही जुन्या सायकलींचे भाग बदलण्यातूनच. पोरं जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक उतारानंतर नवीन भरावं लागे. म्हणून १९७६ मध्ये तिथे ज्या शर्यती सुरू झाल्या त्यांचं नावच रिपॅक पडलं. मग त्यांनी ब्रेक बदलले, गिअर बसवले. रॉकशॉक्सचा स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा चिमटा बाजारात आला १९८९ साली. म्हणजे तेरा वर्षं ती तरणी पोरं चिमट्याशिवाय आदळत होती, पण ब्रेकशिवाय राहिली नाहीत. चांगला चिमटा माझ्या सगळ्या सायकलीपेक्षा महाग, आणि माझ्या वेगाला त्याची गरज नाही. बॅटरीची सायकल मला वीसेक किलोची पडेल. राजमाचीच्या वाटेवर ओढ्यात दगडांवरून ती उचलायची कोणी?

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. प्लॅस्टिकची पायडलं काढून काटेरी धातूची लावली, ओल्या चपलेखाली घसरत नाहीत. उतार आला की सीट चार बोटं खाली घ्यावी, पाय जमिनीला लागतो आणि धीर येतो. बटण दाबून खालीवर होणारी सीटची नळी मिळते, किंमत ऐकून मी ती परत ठेवली. त्याऐवजी सुनेच्या नेलपॉलिशने नळीवर दोन खुणा केल्या आहेत, वरची चढाची आणि खालची उताराची.

मागच्या रविवारी तुंगार्लीवरून वळवंड फाट्याच्या पुढे गेलो, उधेवाडीच्या निम्म्यापर्यंत. सोबत सायकलवाला विद्यार्थी. तो पुढे जाऊन प्रत्येक वळणावर थांबत होता, आणि मी आलो की दम लागल्याचं नाटक करत होता. परत आलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. उजव्या हाताने चहा घेतला.

मागच्या चाकाच्या छर्‍यांचा आवाज येतो आहे. शनिवारी ते बघायचे आहेत. तोवर पुतण्याने भंगारवाल्याला फोन करू नये.