नाचणी, बिस्किटं आणि आमची भाची

गगनबावड्याला माझ्या बहिणीचं सासर. घाटमाथ्यावरचं गाव, पाऊस असा की जूनमध्ये वाळत घातलेले कपडे गणपतीला वाळतात (थोडी अतिशयोक्ती चालवून घ्या). खाली भात, उतारावर नाचणी. आणि अशा गावात आमच्या चार वर्षांच्या भाचीला बाधला काय, तर गहू!

दोन वर्षं वजन जवळजवळ हललं नव्हतं. हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा, सारखी पातळ शी. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या संपल्या. हिमोग्लोबिन आपलं तिथंच. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला. सीलिॲक.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्न शोषते. या आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर त्या लवेवरच उलटतं आणि ती झिजून सपाट होते. मग टॉनिक शोषणार कोण? दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, पाव मिळेना. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचे असे पेशंट तेव्हा चक्क सुधारले, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडले. गव्हावरचा संशय तिथं पक्का झाला.

मला लागलं ते वेगळंच. घरातले सगळे भात-भाकरी खायचे. हिच्यासाठी मात्र मुद्दाम चपाती, रव्याची खीर, चहात बिस्किटं. सासूबाई म्हणाल्या, "आमी नाचणीवर वाढलो, नातीला तरी चपाती मिळू दे म्हटलं." यावर काय बोलणार?

आता त्याच रोज नाचणीचं आंबील ढवळतात. पण नुसती नाचणी आणून भागत नाही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर पीठ बाद, म्हणून घरघंटी घेतली. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. 'नाचणी बिस्किटां'तही मैदा असतो, वेष्टन वाचा! जव पण बंद. आणि हे सगळं जन्मभर.

एक मात्र लक्षात ठेवा. शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो.

पाच महिन्यांत दीड किलो वाढलीय. परवा फोनवर म्हणाली, "मामा, मी जिना पळत चढले." आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करायला सांगितलीय. बहिणीची झाली, ठीक आहे. धाकट्याची पुढच्या आठवड्यात.