भांगातल्या पांढऱ्या पट्ट्यास



तुझी ओळख करून देण्याची गरज आता गोंदियात उरलेली नाही. कपाळाच्या मध्यातून निघून सरळ टाळूकडे जाणारा तू. तुझ्या खाली जुना काळा रंग आणि त्याच्याही खाली, वेणीच्या टोकाशी, उन्हापाण्याने तांबूस पडलेला त्याहून जुना काळा. एका वेणीत तीन रंग घेऊन मी रोज सकाळी स्टेशन गाठते. सालेकशाच्या बाजूला शाळा-दवाखान्यांत नोकरीला जाणाऱ्या आम्हा अप-डाउनवाल्या बायकांचा डबा ठरलेला असतो, आणि डब्यात एकमेकींच्या बाबतीत काही लपत नाही. तुला पाहून पहिला प्रश्न तब्येतीचा आला. "काहून वो मॅडम, बिमार होत्या का?" दुसरीने आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगडे बरे आहेत ना?"

म्हणजे तू एकतर आजारपण होतास, नाहीतर कोणी गेल्याची खबर. या बाईने ठरवून तुला वाढू दिलं असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

वर्गातल्या पोरांचं बरं असतं. चौथीतल्या एकाने निरखून पाहिलं आणि निदान केलं की मॅडमच्या डोक्यावर खडू सांडला. मी म्हटलं, हा सांडलेला नाही, आतून येतो. "आतमंदी खडू हाय?" त्याने विचारलं. मोठ्यांपैकी कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं, म्हणून त्याला दिलेलं उत्तर तुलाही सांगते. तुझ्यात खडू नाही, रंगच नाही. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या केस वाढत असताना त्यात मेलॅनिन भरतात. वय झालं की या पेशींचा साठा संपत येतो, आणि मग केस येतो तो रिकामा. वर आलेला काळा केस नंतर पांढरा होत नाही. पांढरा केस मुळातूनच पांढरा उगवतो. एक उपटला की दहा येतात हे आमच्या मायचं म्हणणं खोटं आहे, एका मुळातून एकच येतो. थायरॉइडचा त्रास किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असली तर केस लवकर पिकू शकतात, तेव्हा विशी-पंचविशीत कोणाला तू दिसलास तर तिने रक्त तपासून घ्यावं. माझं वय मात्र तुझ्या येण्याचंच आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या एका आकड्यावर माझी सगळी रविवारची व्यवस्था उभी होती. डाय लावून आठवडा-दीड आठवडा झाला की भांगात तू बारीक रेघेसारखा डोकवायचास. तिसऱ्या आठवड्यात फळ्याकडे वळून लिहिताना मला मागच्या बाकापर्यंतची नजर डोक्यावर जाणवायची. मग रविवार, जुना गाऊन, खांद्यावर डाग पडलेला टॉवेल, वाटीत कालवलेली पावडर, आणि कानांच्या कडांना लावलेलं व्हॅसलीन. लग्नसराईत हा रविवार अलीकडे ओढायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, माहेरी पाव्हणे येतात, तेव्हाही अलीकडे. म्हणजे आमचं कॅलेंडर तू चालवत होतास, आणि तरीही घरात तुझं नाव घ्यायचं नाही असा शिरस्ता होता.

त्या वाटीत काय असतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, कारण पाकिटावरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि डाय लावताना चष्मा काढलेला असतो. मेंदीचं पान कितीही वाटलं तरी ते केशरी-तांबडा रंग देतं. "काळी मेंदी" म्हणून जे विकलं जातं, त्यातला काळा बहुतेक वेळा मेंदीचा नसतो, पॅराफिनिलीनडायअमीन नावाच्या रसायनाचा असतो. 1863 साली हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केलं. पुढे त्याच घराण्यातल्या रंगांवर पॅरिसमध्ये केसांच्या डायचा धंदा उभा राहिला, आणि युजीन श्युएलर या तरुण रसायनतज्ज्ञाने 1909 मध्ये काढलेली कंपनी आज लॉरिआल म्हणून साऱ्या जगाला ठाऊक आहे. हे रसायन हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिसळलं की त्याचे मोठे रंगीत कण होतात आणि केसाच्या आत अडकून बसतात. म्हणून हा रंग धुतला तरी जात नाही. काही जणींच्या कातडीला हेच रसायन सोसत नाही. कोपराच्या आत किंवा कानामागे थोडंसं लावून 48 तास थांबावं, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. रविवारी दुपारी लावून सोमवारी गाडी पकडणारी बाई 48 तास कुठून आणणार? माझ्या कपाळाच्या कडेला खाज आली, मग पुरळ, मग एकदा पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी सांगितलं, बंद करा.

पण पट्ट्या, मी तुला डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवलं असं कोणी समजू नये, तूही नाही. दुसरे डाय होते, सौम्य म्हणवणारे होते, नागपूरला जाऊन लावून घेण्याची सोय होती. कपाळ बरं झाल्यावर तुला पुन्हा झाकणं अवघड नव्हतं. मी नाही झाकलं. आणि त्यानंतरच खरी गंमत सुरू झाली, कारण पुरळ आहे तोवर सगळ्यांना माझी दया येत होती. पुरळ गेली आणि तू तसाच राहिलास, तेव्हा लोकांना राग यायला लागला.

राग हा शब्द मी जपून वापरते आहे. जाऊबाई म्हणाल्या, "आमी मोठ्या असून काळ्या, आन तुमी लहान असून पांढऱ्या. लोक काय म्हणतील?" एका सहकाऱ्याने सल्ला दिला की साहेबांचा तरी विचार करा. साहेब म्हणजे माझे यजमान. त्यांच्या कानशिलांवर तुझे भाऊबंद केव्हाचे आहेत, आणि त्यावर त्यांना ऐकायला मिळालं ते एवढंच, की आता तुम्ही अधिकारी दिसता. नवेगावबांधच्या जंगलात वनअधिकारी म्हणून नोकरी केलेले मारुती चितमपल्ली आठव. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांची ती पांढरीशुभ्र दाढी अरण्यऋषी या उपाधीला शोभून दिसायची. ते मोठेच होते, त्यात शंका नाही. पण त्यांच्या जागी एखादी वनअधिकारी बाई पांढरे केस मोकळे सोडून तळ्याकाठी उभी राहिली असती, तर तिला ऋषी म्हटलं असतं का? आपल्याकडे पुरुषाचा पांढरा केस ज्ञानाच्या खात्यात जमा होतो, बाईचा हलगर्जीपणाच्या.

हे आपल्याच गावचं दुखणं आहे असंही नाही. 2022 मध्ये कॅनडात लिसा लाफ्लाम या प्रसिद्ध वृत्तनिवेदिकेला वाहिनीने घरी बसवलं. कोरोनाच्या काळात तिने केस रंगवणं सोडलं होतं, आणि तिचे केस पांढरे होऊ द्यायला परवानगी कोणी दिली, असं एका वरिष्ठाने विचारल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्राने दिली. वयाचा किंवा केसांचा काही संबंध नाही, असं कंपनी म्हणाली. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत. मी अडले ती परवानगीपाशी, कारण माझ्या जाऊबाईंना कॅनडा नकाशात दाखवता येणार नाही आणि तरी त्यांचा प्रश्न मुळात तोच आहे.

परवानगीवरून आठवलं. 2020 च्या टाळेबंदीत तीन महिने सगळी पार्लरं बंद होती. जूनअखेर राज्य सरकारने ती उघडू दिली, तेव्हा कुठल्या सेवा चालतील याची यादी आदेशात होती. केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग. त्वचेशी संबंधित बाकी काही नाही. महामारीत माणसाला नेमकं काय लागतं याचा विचार करून मंत्रालयाने डाय यादीत घातला, हे मला अजूनही कौतुकाचं वाटतं.

या महाराष्ट्रात बाईच्या डोक्याचा कारभार तिच्याकडे कधी होता? नवरा मेला की डोकं भादरायचं, ही रीत काही जातींत पिढ्यान् पिढ्या चालली. 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी जाहीर केलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. पोटावर पाय येत असताना घेतलेली ही भूमिका होती, आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी तेवढी नाही. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी स्वतःचं वपन थांबवलं आणि केस वाढू दिले. त्या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या, आणि आत्मचरित्रात आपल्या डोक्याबद्दलही मोकळेपणाने लिहिलं. त्यांच्या डोक्यावर परत आलेल्या केसांची आणि तुझी तुलना करण्याइतकी मी उद्धट नाही. त्यांच्यामागे समाज लागला होता, माझ्यामागे जाऊबाई. पण केस वाढू देणं हाही निर्णय असतो आणि तो बाईने घेतला की गावाला खुलासा हवा असतो, हे त्या आधी जगून गेल्या.

आमच्याच गल्लीत याची उलटी बाजू आहे. एक अंगणवाडी सेविका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती न चुकता केस काळे करते. तिच्याबद्दल विचारतात, "कोनासाठी करते?" माझ्याबद्दल विचारतात, "नवरा असून काहून नाही करत?" आम्ही दोघी एकाच दुकानातून किराणा घेतो. मी तुला वाढवते आणि ती तुला झाकते, आणि मला विचारशील तर आमचं दोघींचं काम एकच आहे. म्हणून सांगते, माझ्या आडून कोणी तिला उपदेश करू नये. डायशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या ठरलेल्या रविवारशी आहे.

तशीच मला ती नवी टोळीही आवडत नाही, जी तुला आता फॅशन म्हणून खपवते. नैसर्गिक राहा, स्वतःवर प्रेम करा, आणि त्यासाठी हा जांभळा शाम्पू घ्या, ज्याने पांढऱ्यावरचा पिवळेपणा जातो. म्हणजे काळं करायला पैसे, पांढरं राहायलाही पैसे. मिलिंद सोमणसारखे पांढरे केस शोभायला आधी मिलिंद सोमण असावं लागतं. तू माझ्या डोक्यावर काही तसा चांदीसारखा चमकत नाहीस. कोरडा आहेस, ताठ आहेस, पावसाळ्यात वेणीतून बाहेर उभा राहतोस. वरून भांगातलं सिंदूर तुझ्यात उतरतं आणि तू दिवसभर गुलाबी दिसतोस. आमच्या या सीमेवरच्या गावात मराठी घरांतल्या बायकाही हिंदीवाल्या शेजारणींसारखा भांग भरतात, त्यामुळे तुझं हे गुलाबी होणं सार्वजनिक आहे. तू सुंदर आहेस म्हणून मी तुला ठेवलेलं नाही.

पार्लरवाल्या ताईचं मात्र मला वाईट वाटलं. ती बालाघाटहून लग्न होऊन आली, तिने भाड्याच्या एका खोलीत खुर्ची टाकली, आणि टच-अपवर तिचं अर्धं घर चालतं. तिला मी सांगायला गेले तेव्हा ती चिडली नाही. केसांकडे कसबी नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, दो रंग खराब दिखता है. कान तक काट दूँ तो साल-डेढ़ साल में पूरा सफेद." हिशेब बरोबर होता. पण पांढरं होणं आणि केस कापणं हे दोन्ही एका वर्षात घरच्यांना झेपणार नाही, म्हणून मी वेणी ठेवली. तिच्याकडे आता मी दर महिन्याला तेलमालीश करून घेते. डायएवढे पैसे होत नाहीत, पण अगदीच काही नाही असंही नाही.

जिल्ह्याची शान म्हणून आम्ही शाळेत मुलांना सारस दाखवतो, चित्रात आणि जमलं तर धानाच्या बांधीत. महाराष्ट्रात तो पाहायचा तर मुख्यतः गोंदियालाच यावं लागतं, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधीत तो घरटं करतो तो शेतकरी अंडी फुटेपर्यंत तेवढा तुकडा सांभाळतो. सारसाचं अंग करडं असतं. पिल्लू असतं तपकिरी, करडेपणा त्याला मोठं झाल्यावर येतो. पोरांना हे सांगताना मला हसू आलं, आणि तो खडूवाला पोरगा लगेच माझ्या डोक्याकडे पाहायला लागला. मी काही बोलले नाही. हुशार आहे, आपणच जुळवेल.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात तिरोड्याला भाचीचं लग्न आहे. जाऊबाईंनी पाकीट आणून माझ्या कपाटात ठेवलं आहे, वर हातमोजेसुद्धा. मी ते अंगणवाडीवाल्या बाईला देणार आहे, तिचा ब्रँड तोच आहे. लग्नात फोटोग्राफर मला डोक्यावर पदर घ्यायला सांगेल. घेईन, कारण नवरीच्या मामीने पदर घ्यायचाच असतो, पण तू त्यातूनही दिसणार आहेस. कोणी काही विचारलं तर मी बोलेन, तू गप्प राहा. हळदीच्या दिवशी बायका नवरीला लावून उरलेली हळद एकमेकींच्या तोंडाला आणि केसांना फासतात. काळ्या केसांवर ती कळत नाही. तू मात्र पिवळाधमक होशील आणि सगळ्या हसतील. दोन दिवस तसाच राहशील, मग शिकेकाईने निघेल.

तुझी,
शाळेवरची मॅडम
गोंदिया