२२ हजारांची झेन

शिंदे घाटावर गाडी येत नाही. घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की गल्ल्या सुरू होतात, आणि गल्लीत समोरून गाय आली तर माणसालाच भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. त्यामुळे माझ्या काकांकडे गाडी आहे हे कुणाला पटत नाही. पण आहे. २००१ सालची मारुती झेन. ती पांडेपूरला काकांच्या मित्राच्या आवारात उभी असते आणि काका दर रविवारी तिला भेटायला जातात.

बाबांची सारखी बदली होत असते, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेसने काकांकडे काशीला जातो. मागच्या सुट्टीत पोहोचलो त्याच रात्री जेवताना काका म्हणाले, ''भंगारवाला झेनचे २२ हजार देतोय. पुढच्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण आहे, फिटनेसला ती नापासच होणार. देऊन टाकतो.''

काकू काहीच बोलल्या नाहीत. आजीचे गुडघे गेले तेव्हा तिला खुर्चीत बसवून गल्लीतून मैदागिनपर्यंत उचलून न्यायचे आणि तिथून पुढे याच झेनमधून दवाखान्यात. आता आजी नाही.

मी म्हणालो, ''काका, तेच २२ हजार मला द्या. मी आणि दादा तिला नीट करतो. नाहीच झाली, तर विका.'' दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वय २२, लायसन्स असलेला. मी पंधरा वर्षांचा, म्हणजे पाना आणि हिशोबाची वही एवढंच माझ्या हातात. काकांनी विचार करून होकार दिला. अट एकच, दर संध्याकाळी खर्च दाखवायचा.

ज्यांना झेन म्हणजे म्हाताऱ्या माणसांची गाडी वाटते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९९३ ते २००६ या काळात ती आपल्याकडे बनली. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन, काकांच्या मॉडेलमध्ये साधारण ६० अश्वशक्ती, आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. कमी वजन हेच तिचं खरं बळ. २००३ मध्ये 'कार्बन' आणि 'स्टील' नावाच्या तीन दारांच्या मोजक्या झेनही निघाल्या. काकांची साधी पाच दारांची, पण हाडाची तीच.

माझ्या यादीत पहिलं नाव होतं सायलेन्सरचं. जाड तोंडाचा, चकचकीत, घुमणारा. खरं सांगायचं तर मला गाडी जोरात पळायला हवी होती त्यापेक्षा ती जोरात पळतेय असं लोकांना वाटायला हवं होतं. मलदहियाच्या बाजारात तो ३२०० रुपयांना मिळाला. त्या संध्याकाळी वहीत मी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. काकांनी वाचलं आणि वही परत दिली.

दोन दिवसांनी आम्ही अहरौऱ्याकडे निघालो. जाताना काय मजा आली! आवाज ऐकून रस्त्यावरची पोरं वळून बघत होती. परतताना विंध्याच्या पठारावरून उतार लागला. दादा वेगात होता, प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होता. चौथ्या की पाचव्या वळणाला तो हळूच म्हणाला, ''पेडल खाली जातंय.'' मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने तिसरा गिअर टाकला, मग दुसरा, इंजिन किंचाळलं, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्याने गाडी डावीकडच्या मातीत घातली. एका चहाच्या टपरीच्या बांबूपासून दोन हातांवर आम्ही थांबलो. दादाने किल्ली काढली तेव्हा ती त्याच्या हातात वाजत होती.

पाऊण तासाने पेडल आपोआप पुन्हा घट्ट झालं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. हळूहळू घरी आलो. दादा म्हणाला, ''बाबांना नको सांगू.'' आमच्या शाळेत किट तपासणीला बूट वरून चमकवून आत फाटका मोजा घालणारे असतात. मीही एकदा घातला आहे आणि पकडलो गेलो नाही. पण रात्री झोप लागेना. सकाळी काका घाटावर अंघोळीला निघाले, तेव्हा मागोमाग गेलो आणि सगळं सांगितलं. किरकोळ दुरुस्ती म्हणजे काय होतं तेही.

मे महिन्यात गंगा खाली गेलेली असते, त्यामुळे शिंदे घाटाजवळचं रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ बरंचसं उघडं दिसतं. काका त्याच्या समोरच्या पायरीवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, ''हा घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधायला घेतला. दौलतरावांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार बघत होत्या त्या. काम इतकं भारी केलं की खालची जमीनच खचली आणि घाट नदीत बसला.'' एवढं बोलून ते पाण्यात उतरले. मला वाटलं होतं ओरडतील. वर आल्यावर फक्त म्हणाले, ''दादालाही कळू दे की तू सांगितलंस. आणि वही दुरुस्त कर.''

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गाडी मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी सायलेन्सरकडे पाहिलंही नाही. म्हणाले, ''बाबू, पहले चारों पहिये खोलो।'' मागच्या ड्रममधले दोन्ही सिलिंडर गळत होते. ब्रेकचं तेल चहासारखं झालं होतं. त्यांनी कारण समजावलं ते लक्षात राहण्यासारखं आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की १४० च्या आसपासच उकळू शकतं. उतारावर ब्रेक तापतात, तेलात वाफ होते, आणि पाय वाफेलाच दाबत राहतो. थंड झालं की पुन्हा ठीक, जणू काही झालंच नव्हतं.

मग काकांनी कायदाही काढला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सायलेन्सर १५०० रुपयांना परत गेला. १७०० बुडाले. उरले २०,३००.

टायरवर सगळ्यात जास्त विचार केला. झेनचा मूळ टायर १४५/७० आर १३, मिळायला अवघड. ऑल्टो के१० चा १५५/६५ आर १३ मात्र सहज मिळतो. वहीत गणित केलं: जुन्याचा व्यास ५३३ मिलिमीटर, नव्याचा ५३२. म्हणजे रुंदी एक सेंटिमीटर वाढते, रिम तीच राहते आणि स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. चार टायर ११,६००. ब्रेकचे पॅड, लायनर, सिलिंडर, नळ्या आणि डॉट ४ तेल मिळून २९००. पुढच्या आर्मचे बुश १३००. प्लग, वायरी, एअर फिल्टर, ऑइल १३५०. मजुरी २४५०. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ७००. बेरीज करून बघा, एक रुपया उरत नाही.

एक गोष्ट फुकटात झाली. डिकीतला बंद पडलेला स्पीकरचा खोका, छतावरचं कॅरिअर, कुठल्या तरी ट्रकचा जॅक आणि काकांच्या बँकेची जुनी रद्दी असं सगळं काढलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर ३१ किलो भरलं. एवढं हलकं करायला एरवी लोक पैसे मोजतात.

पांडेपूरच्या मैदानावर कामाआधी आणि कामानंतर आम्ही ताशी ४० वरून थांबायचं अंतर मोजलं होतं. फीत नव्हती, म्हणून मी परेडच्या पावलांनी मोजलं, एक पाऊल ७५ सेंटिमीटर. आधी २४ पावलं, नंतर १४. दुसऱ्या वेळी मी आकडा ओरडलो तेव्हा दादा पहिल्यांदा हसला. वळणावर गाडी आता आधीसारखी झोके खात नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते, आणि आवाज अगदी साधा आहे.

राहिले ते मागचे दोन शॉक ॲब्सॉर्बर. मिस्त्रीचाचांनी भाव सांगितला होता, दोन्हींचे मिळून १७०० रुपये.

काकांनी गाडी विकली नाही. रविवारी फोन येतो तेव्हा परीक्षा, जेवण, झोप असं सगळं विचारून झाल्यावर ते शेवटी सांगतात, ''आज सारनाथला जाऊन आलो. छान चालते. मागून मात्र उड्या मारते.'' मी खिशातल्या पैशांतून आतापर्यंत ९५० साठवले आहेत.