कांचपेटींतला समुद्र

आमच्या परभणी जिल्ह्याला गोदावरी लाभली, पूर्णा लाभली, दुधना लाभली. समुद्र मात्र लाभला नाहीं. मुंबईचा किनारा गांठावयाचा तर आगगाडीनें पांचशेंहून अधिक किलोमीटर जावें लागतें. तथापि जें दूर असतें त्याचीच मनाला ओढ अधिक. २००३ सालीं निघालेल्या एका चित्रपटानें नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा, घरोघर पोंचविला आणि तेव्हांपासून तो मासा घरीं आणण्याचा हट्ट कित्येक मुलांनीं वडिलांजवळ धरिला आहे. आमच्या घरीं खाऱ्या पाण्याची एक टांकी आहे, हें ठाऊक असल्यामुळें पालक आम्हांस विचारावयास येतात. त्यांच्याकरितां व आमच्या विद्यार्थ्यांकरितां हे चार शब्द.

समुद्रापासून दूर समुद्र पाळण्याचा हा उद्योग आजचा नव्हे. १८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडांतील टॉर्की येथून जिवंत प्रवाळें लंडनला आणिलीं. त्यांचे पति धर्मोपदेशक होते. पाणी निर्जीव होऊं नये म्हणून तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतून त्यांत हवा खेळविण्याचें काम त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास करीत असे. आज तें काम विजेचा पंप करितो; परंतु त्या मोलकरणीच्या श्रमानें शिकविलेला धडा जुना झालेला नाहीं. जीव पाळावयाचा तर आधीं पाणी पाळावें लागतें.

आतां पाण्याविषयीं. पाण्यांत स्वयंपाकघरांतलें मीठ विरघळविलें म्हणजे समुद्र होत नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपल्या खाण्याच्या मिठाचा भाग मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादिकांचेही क्षार असतात. म्हणून याच कामासाठीं तयार केलेलें समुद्री मीठ घ्यावें. २०० लिटर पाण्यास तें सात किलोहून थोडें अधिक लागतें. बोअरचें जड पाणी न घेतां आर. ओ. यंत्रांतून काढलेलें घ्यावें आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखावें. लहान टांकी सांभाळावयास सोपी, असा समज आहे. वस्तुतः पाणी जितकें थोडें, तितकें तें लवकर बिघडतें.

यानंतरचा धडा सर्वांत अवघड, तो म्हणजे वाट पाहण्याचा. माशांच्या मलापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो व तो त्यांस विषासारखा बाधतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचा नायट्राइट करितात, तोही घातकच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचा नायट्रेट करितात. तो पुष्कळ सौम्य असून अधूनमधून थोडें पाणी बदलल्यानें आटोक्यांत राहतो. हे जंतु दगडांवर व वाळूंत वस्ती करितात आणि ती वस्ती जमण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या टांकींत पांच आठवडे पाणी, वाळू व दगड यांवांचून कांहीं नव्हतें. आमच्या वर्गांतील एक मुलगा तें पाहून म्हणाला, "सर, हींत तर कांहींच नाहीं!" आम्हीं चिमूटभर खाद्य पाण्यांत कुजूं दिलें आणि त्याच्या हातीं परीक्षानळी व वही दिली. रोज सायंकाळीं नळींत पाणी घ्यावें, औषधाचे थेंब टाकावे, रंग पाहावा व लिहून ठेवावें. अमोनिया चढला व ओसरला. त्यामागून नायट्राइट चढला व तोही ओसरला. ज्या दिवशीं दोन्हीं शून्यावर आले, त्या दिवशीं "रिकामी" हा शब्द त्या मुलानें आपण होऊन मागें घेतला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतही प्रकाश, जल, भूमि व वनस्पति आधीं झाल्या आणि मासे पांचव्या दिवशीं आले, याची आम्हीं त्यास आठवण दिली.

आमच्या भागाची आणखी एक अडचण म्हणजे उन्हाळा. पारा चाळीस अंशांवर जातो, टांकींतलें पाणी मात्र २६ अंशांच्या आसपास हवें. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. म्हणून घट भरून काढावयाची ती बिनखाऱ्या पाण्यानें. वीज गेली कीं पाण्यांतील प्राणवायु कमी होऊं लागतो. याकरितां बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

प्रवाळांविषयीं मात्र आमचें सांगणें स्पष्ट आहे. आपल्या समुद्रांतील खडकरूपी प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचें संरक्षण आहे. २००१ सालीं तीं त्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलीं गेलीं. प्रवाळें पाहावयाचीं तर मालवणास जावें. तेथील समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांनीं मत्स्यालयावर ग्रंथ लिहिला. ते मोठे धर्मनिष्ठ होते व सृष्टीवर त्यांचें प्रेम होतें. परंतु त्या छंदाची लाट उसळली आणि हौशी लोकांनीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डबकीं ओरबाडून नेलीं. त्यांच्या पुत्रानें १९०७ सालीं आपल्या पुस्तकांत याबद्दल खेद व्यक्त केला आहे. आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांची पैदास टांकींत करून दाखविली आहे. तेव्हां दुकानदारास पहिला प्रश्न किंमतीचा न विचारतां, "हा मासा पैदाशीचा, कीं समुद्रांतून धरलेला?" असा विचारावा.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, वाढदिवसाच्या सायंकाळीं टांकी व मासे एकदम घरीं आणूं नयेत. आधीं पाणी आणावें, एक वही आणावी आणि मुलाकडून पांच आठवडे त्या पाण्याची नोंद ठेववावी. वही पूर्ण झाली तर मासा आणावा. मध्येंच थांबली तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पैसा वांचला व एक मुका जीवही वांचला, असें समजावें. ज्यांची वही पूर्ण होईल, त्यांनीं ती आम्हांस अवश्य दाखवावी.