ताप एकच, अर्थ दोन

लस घेतल्यावर कधीकधी ताप येतो, हे आता सर्वांस ठाऊक आहे. त्या तापाचा अर्थ मात्र घरोघर निराळा लागतो. २०२१ साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतील काही कामगार कुटुंबांकडे माझे जाणे-येणे होई. तेथे शेजारशेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या दोघांनी एकाच दिवशी लस घेतली. एक म्हणाला, "फादर, ताप आला, म्हणजे लस लागू पडली." दुसरा म्हणाला, "फादर, ताप आला, म्हणजे लस बाधली." पहिल्याचा भाऊ इस्पितळात कामाला, दुसऱ्याचे वडील इस्पितळातून घरी परतलेच नव्हते. ताप येण्यापूर्वीच त्याचा अर्थ ठरून गेला होता.

अशा अविश्वासाला आपण फार लवकर अडाणीपणा म्हणतो. मला ते पटत नाही. १८९७ च्या १० जानेवारीस मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या अमलात गोरे शिपाई रोगी शोधण्यासाठी लोकांच्या घरांत, देवघरांतही शिरले. सुई ज्या सरकारच्या हातून यायची, त्याचे शिपाई लोकांनी आधीच पाहिले होते!

आणि विद्वान तरी कोठे मोकळे असतात? १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले. इतर बाटल्यांतील लस घेतलेले सुखरूप होते. तरीही सरकारी चौकशीने ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवरच ठेवला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त झाले, तेव्हा १९०७ साल उजाडले होते. परळच्या त्या प्रयोगशाळेला पुढे १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

आपल्या ख्रिस्ती घरांतही निराळे घडले नाही. करोनाच्या काही लशींचा गर्भपाताशी दूरान्वयाने संबंध असलेल्या पेशींशी संबंध होता, म्हणून अनेक भाविक अस्वस्थ झाले. निर्दोष पर्याय उपलब्ध नसेल तर अशा लशी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, असे व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले. त्याच निवेदनात लसीकरण ऐच्छिक असावे असेही म्हटले होते, आणि सर्वांच्या हिताचा विचार करण्यासही सांगितले होते. मिस्सानंतर लोक मला त्यावर प्रश्न विचारीत. ज्यांना लस नको होती त्यांना 'ऐच्छिक' हा शब्द पाठ होता. ज्यांनी ती घेतली होती त्यांना सर्वांचे हित. पहिले वाक्य मात्र दोघांनाही मलाच वाचून दाखवावे लागे.