वाऱ्यापुढची पाळी

साठ वर्षांनी संवत्सराचं नाव परत येतं. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावं पंचांगात फिरत असतात. गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्यांचा तो मेळ. साठीला एवढा मान आहे तो त्यामुळे. माझा मित्र शके 1887 मध्ये, विश्वावसू संवत्सरात पुण्यात जन्मला आणि शके 1947 च्या विश्वावसूत, डिसेंबरच्या थंडीत, बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला साठ वर्षांचा झाला. उग्ररथ शांत झाली, साठ दिव्यांनी ओवाळून झालं, सगळं वहिनींच्या मनासारखं यथासांग. अंगावरची शाल अजून तशीच होती आणि तो माझ्या कानाशी लागला, "रविवारी मुद्देनहळ्ळी. सायकलनं."

मुद्देनहळ्ळी म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव. चिक्कबळ्ळापूरजवळ, नंदीच्या डोंगराच्या परिसरात, आमच्यापासून साठेक किलोमीटरवर. वाढदिवसाला वयाइतके किलोमीटर चालवायचे, असा सायकलवाल्यांत रिवाज आहे. पण हे गाव त्यानं निवडलं ते नुसत्या अंतरासाठी नव्हे. आमची दोघांची पहिली लांबची सफर खडकवासल्याची. शाळेत असताना, तासावर भाड्यानं घेतलेल्या सायकलींवर. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात होते. निघताना त्यांनी बजावलं, "जाताय तर कोणाचं काम बघताय ते ठाऊक असू दे." धरण एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रजांनी बांधलेलं. 1903 साली विश्वेश्वरय्यांनी त्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजे स्वतःहून वर उचलले जायचे, पातळी उतरली की मिटायचे. भिंत उंच न करता जास्त पाणी साठायला लागलं. 1961 च्या पानशेतच्या पुरात ते धरण फुटलं; आम्ही पाहिलं ते नंतर पुन्हा बांधलेलं. तरी त्या काठावर उभं राहून त्याच्या वडिलांचं बोलणं आम्ही एकमेकांना पुन्हा सांगितलं होतं, ते मला लख्ख आठवतं.

रविवारी पहाटे आमच्या सायकलगटातले सगळे व्हाइटफील्डच्या इनर सर्कलवर जमलो. या जागेचा मला लोभ आहे. 1882 साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी 3,900 एकर जमीन दिली. त्यांच्या संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट, गावाचं नाव त्यांच्यावरून. शेती करून स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, हे त्या माणसांचं स्वप्न होतं. गोल रस्ता, जुनी झाडं, एखाददुसरा कौलारू बंगला एवढंच आता शिल्लक आहे. नव्वदच्या दशकात आयटीपीएल हे टेक पार्क उभं राहिलं आणि आमच्यासारखे हजारो जण इथे आले. दिवसा इथे मोटारी हलत नाहीत. पहाटे पाचला मात्र हा रस्ता पुन्हा गावाचा असतो, आणि ते पाहायला लवकर उठावं लागतं.

कडुगोडी, बुदिगेरे क्रॉस, मग बुदिगेरेचा रस्ता. उंच इमारती मागे पडल्या आणि निलगिरीची बनं, द्राक्षांचे मांडव लागले. शेतकऱ्यांनी नाचणीची कापलेली कणसं डांबरावर पसरली होती; येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून. आमच्या अरुंद चाकांनी कितीशी मळणी होणार, तरी एका आजींनी हातानं खूण करून आम्हाला मुद्दाम कणसांवरूनच जायला लावलं. चहाला थांबलो तिथे टपरीवाल्यानं मित्राच्या गळ्यातला हार पाहिला, कारण विचारलं, आणि डोळे मोठे करून म्हणाला, "अरवत्ता?" साठ! चहाचे पैसे घेईना.

देवनहळ्ळीच्या अलीकडे ईशान्येचा वारा समोरून यायला लागला. सायकलवर चढापेक्षा समोरचा वारा जास्त दमवतो. म्हणून एकामागे एक ओळ धरायची, पुढच्यानं वारा छातीवर घ्यायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशानं दम राखायचा, आणि थोड्या थोड्या वेळानं पुढचा बदलायचा. आमच्यातल्या तरुण पोरांनी आधीच ठरवलं होतं, काकांना आज पुढे येऊ द्यायचं नाही. त्यांच्या मनात माया होती. पण मित्राची पाळी आली तेव्हा तो उजवीकडून निघाला, सगळ्यांना ओलांडून पुढे गेला आणि तिथे राहिला. जोर केला नाही, वेगही वाढवला नाही. मागच्या सर्वांत हळू सायकलचा अंदाज घेत, एका लयीत तो आम्हाला ओढत राहिला. त्याची पाठ समोर होती आणि मला वारा लागत नव्हता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत एकमेकांसाठी आम्ही जे केलं, ते सगळं मला त्या पाठीत दिसत होतं.

साठीला आपण माणसाला खुर्चीत बसवतो आणि त्याच्या वाट्याचा वारा काढून घेतो. ते मला पटत नाही. विश्वेश्वरय्यांनी पुण्यात अभियांत्रिकी शिकून मुंबई सरकारची नोकरी केली, म्हैसूरची दिवाणगिरी 1918 मध्ये सोडली, आणि साठीच्या उंबरठ्यावर, 1920 साली, 'रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया' हे पुस्तक काढलं. नियोजनावरचं पुस्तक त्यानंतर चौदा वर्षांनी आलं. गंगेवर मोकामाजवळ पूल कुठे बांधावा याचा सल्ला त्यांनी दिला तो नव्वदीत. 1962 साली गेले तेव्हा शंभरी ओलांडली होती. फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी 2017 मध्ये वयाच्या एकशेपाचव्या वर्षी एका तासात बावीस किलोमीटरहून अधिक सायकल चालवली. अशा माणसांना कुणी पाळी चुकवायला सांगितली असती, तर त्यांनी ते मनावर घेतलं असतं असं वाटत नाही.

मुद्देनहळ्ळीत विश्वेश्वरय्यांच्या घराचं संग्रहालय केलं आहे, समाधीही तिथेच आहे. वहिनी गाडीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या. मित्रानं हार काढून समाधीपाशी ठेवला आणि वडिलांचं नाव घेतलं.

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसांनी एकदा तरी तिथे जावं. खडकवासल्याचं पाणी प्यायलेल्या पुणेकरांनी तर नक्कीच. थंडीत जा, पहाटे पाचला निघा, आणि बरोबर कुणाची साठी असेल तर वाऱ्यापुढची त्याची पाळी त्याला घेऊ द्या.