तीन नातवंडे, चाकांवरचे घर आणि शॅपचा चढ

मनमाडच्या एस.टी. आगारात मी ३१ वर्षे मेकॅनिक होतो. कसारा घाटात तापलेले ब्रेक आणि फुटलेले पाटे दुरुस्त करता करता आयुष्य गेले. विमानात बसण्याचा योग येईल असे कधी वाटले नव्हते. तो लेकीमुळे आला. लेक नर्स आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरातल्या एका इस्पितळात ती नोकरी करते. जावई तिथेच एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. २०२३ साली तिचे तिसरे बाळंतपण होते, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही दोघे सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेलो.

लेकीच्या घराशेजारी एक पांढरे, चाकांवरचे घर उभे होते. तिकडे त्याला कॅरव्हॅन म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडतात तसे ते मोटारीमागे जोडायचे आणि ओढत न्यायचे. आत झोपायच्या फळ्या, शेगडी, लहानसा फ्रीज, कोपऱ्यात संडास. चार-सहा दिवस हॉटेलात उतरणे कामगार कुटुंबाला तिकडेही परवडत नाही. म्हणून पुष्कळ कुटुंबे असे घर घेऊन डोंगरात नाहीतर समुद्रकाठी जातात. तळावर जागेचे भाडे भरायचे, विजेची वायर जोडायची, नळावरून पाण्याचा पिंप लोटत आणायचा आणि घरच्यासारखी भाकरी थापून खायची. जावयांनी हे घर जुने, हप्त्यावर घेतले होते.

बाळ झाले. मुलगा. थोरली नात सात वर्षांची, मधला नातू चार वर्षांचा. घरात आनंद होता, पण त्या पांढऱ्या घराचा विषय निघाला की लेकीचा चेहरा उतरायचा. एके रात्री ती म्हणाली, “बाबा, यांना सांगा, ते विकून टाका. मी पुन्हा त्यात पाय ठेवणार नाही.”

मग सगळी हकीगत कळली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या तलावांच्या मुलखात निघाले होते. एम-सिक्स नावाचा मोठा मोटारमार्ग तिकडे जातो. त्यावर शॅप नावाची लांब चढण आहे. रस्ता तिथे समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर जातो. चढण संपून उतार लागला, शेजारून एक लांब ट्रक गेला आणि मागचे घर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागले. “आरशात आपलंच घर कधी या बाजूला, कधी त्या बाजूला दिसत होतं, बाबा. मागे दोन्ही लेकरं झोपलेली.” जावयांनी पाय काढून घेतला, स्टिअरिंग सरळ धरले आणि वेग कमी झाल्यावर सगळे आपोआप थांबले. त्यांनी घाबरून जोरात ब्रेक मारला असता तर काय झाले असते, हे मी लेकीला सांगितले नाही. आमच्या मंडळींना मात्र ‘शॅप’ हा शब्द ‘शाप’ असाच ऐकू आला आणि त्या शेवटपर्यंत तसेच म्हणत राहिल्या.

जावयांचे म्हणणे वेगळे होते. “बाबा, गाडी छोटी पडली. आता तीन मुलं झाली, नाहीतरी मोठी घ्यायचीच आहे. चांगलं दणकट इंजिन घेतलं की प्रश्न मिटला.”

मी म्हणालो, “जावईबापू, इंजिन ओढतं. पण मागच्याला ताब्यात ठेवतं ते पुढच्याचं वजन. गोऱ्ह्याच्या खांद्यावर भरली गाडी देऊ नये, हे आपल्याकडे शेतकऱ्याचं पोरही जाणतं.”

तिकडे याचा एक ठोकताळा आहे. मागच्या घराचे भरल्यावरचे कमाल वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे. हा कायदा नाही, नवख्यांसाठी सल्ला आहे. यांची जुनी गाडी १,३२० किलोची आणि घराची कमाल मर्यादा १,२५० किलो. म्हणजे जवळपास ९५ टक्के! शिवाय पूर्वी तिकडे १९९७ नंतर लायसन मिळालेल्यांना ठराविक मर्यादेपलीकडचे जड घर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून साडेतीन हजार किलोपर्यंत ती अट निघाली. परीक्षा गेली, पण वजनाचे शास्त्र कुठे जाते?

मी म्हणालो, “नवी गाडी बघण्याआधी मागच्या वर्षी जसं भरलं होतं तसंच घर भरा. काट्यावर नेऊ.” आपल्याकडे मालट्रकांसाठी वजनकाटे असतात तसे तिकडेही आहेत. जवळच्या काट्यावर सावकाश नेले. आकडा आला १,३४०. मर्यादेपेक्षा ९० किलो जास्त! आत काय नव्हते? तांदळाची गोणी, दोन कुकर, भरलेला पाण्याचा पिंप, कापडी मांडवाचे लोखंडी दांडे. मागच्या टोकाला दोन सायकली. जड सामान सगळे शेपटाकडे. झोके घ्यायला याहून अधिक काय लागते?

सामान भरण्याची रीत अशी : जड वस्तू तळाला, चाकांच्या आसाजवळ, हलक्या वर आणि दोन्ही टोकांना. जिथे घर मोटारीला जोडले जाते त्या नाकावर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार पडला पाहिजे. तो मोजायला न्हाणीघरातला माणसे तोलायचा काटा आणि एक लाकडी ठोकळा पुरतो. मात्र गाडीला आणि हुकाला नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे तो भार जाता कामा नये. काटा बाहेर निघताच आमच्या मंडळी म्हणाल्या, “मला त्यावर उभं करू नका म्हणजे झालं.” पुष्कळ दिवसांनी लेक हसली.

टायरांची नक्षी नव्यासारखी होती. पण टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून कळले की टायर आठ वर्षांचे आहेत. अशी घरे वर्षातून बरेच महिने एका जागी उभी असतात, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर आतून म्हातारे होते. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे नेऊच नयेत, असे जाणकार सांगतात. आधी टायर बदलले.

मग गाडीचा शोध सुरू झाला. मी एकच अट घातली. तिन्ही मुलांच्या खुर्च्या बरोबर न्यायच्या. तिकडे मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला गाडीत वेगळी खुर्ची लागते. अशा तीन खुर्च्या एका ओळीत पुष्कळ गाड्यांत मावतच नाहीत. चालत्या कॅरव्हॅनमध्ये तर कोणीच बसायचे नसते.

पहिली गाडी दणकट पिक-अप होती. दहा वर्षांची, डिझेलवरची, साडेतीन हजार किलो ओढणारी. जावयांना फार आवडली. किंमतही बेताची. पण १ जून २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या मध्यभागात जुन्या धुराच्या गाड्यांना दिवसाला आठ पौंड भरावे लागतात. डिझेल गाडी युरो-सहा दर्जाची हवी. ही युरो-पाच होती. लेकीचे इस्पितळ त्याच भागात. आठवड्याच्या चार पाळ्या म्हणजे बत्तीस पौंड. लेकीने तिथेच नकार दिला.

दुसरी गाडी चकचकीत, सात आसनांची, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी विजेवर चालणारी. विकणारा म्हणाला, “हुक काय, कोणत्याही गाडीला बसवून देतो.” मी चष्मा लावला आणि दाराच्या खांबावरची पाटी वाचली. एस.टी.तली सवय! तिकडच्या गाडीच्या पाटीवर वजनाचे चार आकडे असतात. पहिला, भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसरा, गाडी आणि मागे जोडलेले मिळून कमाल वजन. पुढचे दोन, पुढच्या आणि मागच्या आसावरचा भार. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरल्या गाडीने किती ओढायचे ते कळते. या पाटीवर दुसऱ्या आकड्याची जागा रिकामी होती. म्हणजे बनवणाऱ्यानेच तिला ओढायची परवानगी दिलेली नाही. मी जावयांना बोट लावून दाखवले. ते काही बोलले नाहीत. त्या विकणाऱ्याचे आभार मानून आम्ही बाहेर पडलो.

शेजाऱ्याने निव्वळ विजेची गाडी सुचवली. तिचा जोर उत्तम असतो. पण मागे घर जोडले की एका चार्जिंगमधले अंतर निम्म्यावर येऊ शकते आणि चार्जिंगच्या जागी बहुधा घर सोडून ठेवावे लागते. तान्हे मूल घेऊन ते नको वाटले.

तिसरी गाडी सरकत्या दारांची, सात आसनी, डिझेल, युरो-सहा. कंपनीचे नाव लिहीत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही. रिकामे वजन १,७८० किलो. पाटीवर २,४८० आणि ४,५०० हे आकडे. हिशेब करा : घराचे प्रमाण सुमारे ७० टक्के. मधल्या ओळीत तीन सुटी आसने. लेकीने स्वतः तिन्ही खुर्च्या बसवून पाहिल्या, पट्टे लावले, काढले, पुन्हा लावले. बाळाला घेऊन एका दाराने आत गेली आणि दुसऱ्याने बाहेर आली. मग म्हणाली, “ही.” पैसे तिच्या जादा पाळ्यांचे होते. निर्णयही तिचाच असायला हवा होता.

सात आसने, माणसेही सात. मग आम्ही मागच्या ओळीत का बसलो नाही? कारण ती ओळ उघडली की डिकी जाते, डिकीतले सामान मागच्या घरात जाते, आणि पुन्हा तोच काटा, तोच आकडा! मी म्हणालो, “आम्ही रेल्वेने येतो.” जावयांना वाईट वाटले. पण आणखी एक कारण होते, ते मी बोललो नाही. मी गाडीत असतो तर शॅपच्या उतारावर त्यांचे लक्ष माझ्याकडे राहिले असते.

ऑगस्टच्या एका सकाळी ते निघाले. निघण्यापूर्वी मी तुटती तार पाहिली. जोड निसटलाच तर ही तार मागच्या घराचे ब्रेक लावते. दिवे, लांब दांड्याचे आरसे, नटबोल्ट सगळे पुन्हा तपासले. असे घर ओढताना मोटारमार्गावर ताशी ६० मैलांची मर्यादा असते आणि तीन पदरी रस्त्यावर अगदी उजव्या पदरात जायचे नसते. काटा म्हणत होता १,२२५.

आम्ही दोघे रेल्वेत बसलो. टीबे गावाजवळ ल्यून नदीच्या खिंडीत रेल्वे आणि तो मोटारमार्ग अगदी शेजारून धावतात. दोन्ही बाजूंना हिरवे, उघडेबोडके डोंगर, दगडी बांध, मेंढ्या. मंडळींनी विचारले, “हाच का तो शाप?” मी नुसती मान हलवली. पांढरी घरे ओढणाऱ्या गाड्या पुष्कळ दिसत होत्या. मी खिडकीला नाक लावून एकेक पाहत होतो. आपली दिसली नाही. छातीत धडधडत होते, ते मंडळींनाही कळले असावे. त्यांनी डब्यातली दशमी काढून माझ्या हातात ठेवली.

पेनरिथ स्टेशनावर उतरलो आणि फोन वाजला. लेकच होती. “बाबा, आम्ही चढ उतरून आलो. मी सगळा वेळ आरशात बघत होते. घर मागे सरळ येत होतं. बाळाला तर जागही आली नाही.”

पेनरिथहून केझिकला जाणारी रेल्वे १९७२ सालीच बंद झाली. म्हणून आम्ही बसने गेलो. खरे सांगतो, बसच्या वरच्या मजल्यावरून तो मुलूख पाहताना मी चार दिवसांचा पगार विसरलो असतो. केझिक हे डर्वेंटवॉटर तलावाकाठचे लहान गाव. जवळच्या सीथवेटला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्याची आठवण यावी असा! इंग्लंडचे सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक याच भागात. उंची ९७८ मीटर. नातीला सांगितले की आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तेव्हा तिला खरेच वाटेना. याच डोंगरात शिसपेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्राफाइट, सापडले आणि केझिकला पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. नातीने पेन्सिल घेतली आणि रात्री पावसात, त्या चाकांवरच्या घरात दिव्याखाली बसून आमच्या सगळ्यांचे चित्र काढले. गाडी सर्वांत मोठी काढली होती.

वाचकहो, कॅरव्हॅन आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल. पण लग्नाच्या वऱ्हाडाला, मुलांच्या सहलीला, नागपूरला नाहीतर चैत्यभूमीला जाताना आपण गाडी ठरवतोच. भाडे कमी पडावे म्हणून मालाच्या टेम्पोत बाया-मुले भरतो. पुढच्या वेळी भाड्याची घासाघीस करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायर बघा. आसने मोजा आणि तितकीच माणसे बसवा. कागदावर ती किती माणसांसाठी पास आहे ते विचारा. ड्रायव्हर रात्रभर जागा नव्हता ना, हेही विचारा. तो रागावला तर रागावू द्या.

आम्ही सप्टेंबरअखेर परतलो. त्या रविवारी लेकीचा फोन आला. म्हणाली, “बाबा, पुढच्या मेमध्ये समुद्रावर जायचं ठरतंय. मी आजच काट्यावर जाऊन आले.”